माइकला मुहपत्ती

चेलनाबाईंनी कूलर बंद केला, पंखा बंद केला, खिडकी लावली, खिडकीवर गोधडी टाकली आणि मग त्या खुर्चीत बसून राहिल्या. एप्रिलची दुपार, जळगावचं ऊन, पारा त्रेचाळीसच्या पुढे. शहाण्या माणसाने अशा वेळी पिंप्राळ्यातल्या आपल्या घरात कूलरसमोर आडवं व्हावं. पण शहाणपण आणि हौस एका घरात नांदत नाहीत. आणि चेलनाबाईंची ही हौसही नव्हती. हौस असती तर दोन दिवसांत फिटली असती.

गोष्ट अशी, की चेलनाबाईंच्या गळ्यात गाठ होती. डॉक्टरांनी सुई घालून तपासणी केली, कागद बघितला आणि थांबू नका म्हणाले. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं. आवाजाचं काय, असं चेलनाबाईंनी विचारलं तेव्हा डॉक्टर खोटं बोलले नाहीत. बोलता येईल, म्हणाले. गाण्याचं सांगता येत नाही, वरचे सूर कदाचित लागणार नाहीत. महिना-दोन महिने तर जपायचंच. चेलनाबाईंनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी वरण फोडणीला टाकलं आणि मग न्हाणीघरात जाऊन रडल्या.

आता त्यांच्या आवाजाविषयी सांगितलं पाहिजे. चेलनाबाईंचं माहेर धुळे जिल्ह्यातलं सोनगीर, घर अगदी आग्रा हायवेला लागून. वडील इंदरचंद किराणा दुकान चालवायचे आणि पोर ट्रकांच्या घरघरीवर मात करत गायची. त्यामुळे आवाज असा तयार झाला, की त्याला माइक कधी लागलाच नाही. लग्न होऊन जळगावला आल्या, आणि सासूबाई सुगनबाईंनी त्यांना एक मारवाडी गीत शिकवलं. जैन घरात कोणी मोठी तपश्चर्या केली, की उपवास सुटण्याच्या दिवशी, म्हणजे पारण्याला, बायका गीतं गातात. हे गीत सुगनबाईंनी स्वतः रचलेलं होतं, त्यांच्या धाकट्या बहिणीने महिनाभराचे उपवास केले तेव्हा. 'धीमा चालो ओ तपसी, तावडो घणो.' सावकाश चाल ग तपस्विनी, ऊन फार आहे. चार कडवी. प्रत्येक कडव्यात तो 'ओ' असा लांबत, चढत जातो आणि एका दमात 'तपसी'वर उतरतो. तो दम सुगनबाईंनंतर फक्त चेलनाबाईंकडे होता. बाकीच्या बायका नुसतं धृपद उचलायच्या. सव्वीस वर्षं असंच चाललं होतं. चेलनाबाई आल्या नाहीत तर पारणं जरा वेळ थांबवायचे, इतकी मिजास त्या गळ्याची.

आणि या वर्षी तप सुगनबाईंचंच होतं. बहात्तराव्या वर्षी म्हातारीने वर्षीतप धरलं होतं. एक दिवस उपवास, नुसतं उकळून गार केलेलं पाणी तेही सूर्य मावळेपर्यंत, दुसऱ्या दिवशी जेवण, असं तेरा महिने. सुटणार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसावर. ऑपरेशन गुरुवारी, आखाजी त्यानंतर अकरा दिवसांनी. ज्या बाईने गीत रचलं तिच्याच पारण्याला ते गाणारं कोणी नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

पुण्यात नोकरी करणारी विधी, चेलनाबाईंची लेक, तिनेच फोनवर सुचवलं. "मम्मी, रेकॉर्ड करून ठेव ना. माझा कॉलेजचा कॉम्प्युटर आहे की तिथेच. एक माइक लागेल आणि एक छोटी डबी, माइक कॉम्प्युटरला जोडायला. मी मागवते." नवरा अखिल म्हणाला, "कर." अखिलभाऊंचं कापडाचं दुकान; दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्यांचे शब्द संपलेले असत. घरी येईपर्यंत एवढा एक उरलेला असायचा.

कुरियर आलं तेव्हा आठ दिवस हातात होते. चेलनाबाईंना वाटलं, एक दिवस जोडायला, एक दिवस गायला, बाकीचे दिवस झोपू. गाठीमुळे असेल की काळजीने, हल्ली त्यांना भांडी लावतानाही बसावंसं वाटायचं.

पहिला दिवस वायरी ओळखण्यात गेला. माइकची जाड वायर डबीत, डबीची बारीक वायर कॉम्प्युटरमध्ये, कॉम्प्युटरवर विधीने सांगितलेलं फुकटचं सॉफ्टवेअर. सगळं जोडून त्या माइकपुढे 'हॅलो' म्हणाल्या. काही नाही. पुन्हा म्हणाल्या. पडद्यावरची रेघ मेल्यासारखी सरळ. संध्याकाळी विधीचा फोन आला. "डबीवर अठ्ठेचाळीस लिहिलेलं बटण आहे ना? ते दाब. या माइकला डबीतून वीज द्यावी लागते." अठ्ठेचाळीस हा आकडा या घराला नवा नव्हता, सुगनबाई रोज दुपारी अठ्ठेचाळीस मिनिटांचं सामायिक करायच्या, एका जागी बसून, देवाधर्माचं चिंतन. चेलनाबाईंनी बटण दाबलं, डबीवर लाल दिवा लागला, आणि त्या म्हणाल्या, "आता उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दोन तास गायल्या. ऐकलं तर आवाज आडात पडलेल्या माणसाचा. विधी म्हणाली, "मम्मी, माइकवर नखाने टकटक कर." केली. रेघ हलली नाही. "आता पडद्यावरच्या कॅमेऱ्यावर कर." केली. रेघ टुणकन उडाली. सेटिंगमध्ये नवा माइक निवडायचाच राहिला होता, दोन तास सगळं त्या कॅमेऱ्यातल्या चिमुकल्या माइकने टिपलं होतं. पाहुण्याला ताट वाढून ठेवलं आणि जेवून गेला भलताच, अशातली गत. चेलनाबाईंना हसू यायला हवं होतं. त्यांनी डोकं टेबलावर ठेवलं आणि तशाच पडून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी कूलर. नवा माइक इतका तिखट कानाचा, की शेजारच्या खोलीतला कूलर गाण्यात झीलकऱ्यासारखा मागे सूर धरत होता. कूलर बंद केला तर भिंतींचा घुमारा. विधी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, म्हणून चेलनाबाईंनी फोनवर एक व्हिडिओ लावला. त्यातल्या पोराने भिंतीवर राखाडी रंगाचे, खड्ड्याखड्ड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले. हे सफरचंदाच्या पेटीत येतात तेच, असं चेलनाबाईंनी खात्रीने ठरवलं आणि कामाच्या बेबाबाईला सांगितलं, "येताना बाजारातून खड्ड्याखड्ड्यांचे पुठ्ठे आण, राखाडी, पंचवीस-तीस."

बेबाबाई बिचारी डोक्यावर गठ्ठा घेऊन आली. उंबऱ्याशीच सुगनबाईंनी तिला अडवलं. "हे काय आणलंस ग?"

"भाभीनी सांगेल व्हतं, आक्का. अंडाना ट्रे शेतस."

चेलनाबाई आतून धावत आल्या आणि दारातच थिजल्या. जन्मात ज्या घरात कांदा शिरला नाही, त्या घराच्या उंबऱ्यावर अंड्यांचे तीस ट्रे. सुगनबाईंचा त्या दिवशी उपवास. त्यांनी नुसतं ट्रेकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. गठ्ठा आला तसा परत गेला, उंबरा पाण्याने पुसला गेला, आणि रात्री अखिलभाऊ जेवताना मान खाली घालून हसत होते ते चेलनाबाईंना दिसलं. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनीच रावेरच्या योगराजला फोन केला. हा त्यांचा शाळेतला मित्र, केळी पॅक करून पाठवण्याचा त्याचा धंदा. केळीच्या फण्यांमध्ये घालतात त्या पांढऱ्या फोमच्या शीटांची दोन बंडलं त्याने टेम्पोने धाडली. फोमने फारसं काही झालं नाही. शेवटी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या दोऱ्यांवर टांगल्या, तेव्हा कुठे खोली गप्प झाली.

"काय शे हाई बठ्ठं?" बेबाबाईने झाडू हातात घेऊन विचारलं. "उन्हाळामा गोधड्या?"

"गाणं करायचंय, बेबाबाई."

"मंग म्हना ना. कोनी धरी ठेवेल शे तुमले?"

प्रश्न रास्त होता. चेलनाबाईंनी उरलेली गोधडी दोरीवर टाकली. चौथा दिवस असा गोधड्यांत गेला. पाचव्या दिवशी हेडफोन लावला तर स्वतःचाच आवाज क्षणभर उशिराने ऐकू यायला लागला, कोणी पाठीमागे उभं राहून चिडवतंय असा. विधी म्हणाली, डबीवरची बारकी कळ फिरव, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता थेट येईल. फिरवली, ते जमलं. आणि मग गाठ पडली 'प'शी.

'तपसी' म्हटलं की माइकमध्ये फाट्. दर कडव्याला फाट्. इतका सुरेख चढलेला 'ओ', आणि खाली उतरतो तो फटाक्यावर. चेलनाबाई लांब बसल्या, आवाज पातळ झाला. जवळ बसल्या, फाट्. तोंड वळवून गायल्या, तर सूरच वळला. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता, गळ्यातली गाठ दुखत नव्हती पण आहे म्हणून जाणवत होती. त्यांना सगळ्याचा राग आला. माइकचा, विधीचा, डॉक्टरांचा, आणि हे तप याच वर्षी धरणाऱ्या सासूचाही. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर आपटला.

सुगनबाई तेव्हा नुकत्याच सामायिकातून उठल्या होत्या. तोंडावर मुहपत्ती तशीच होती. स्थानकवासी जैन माणसं सामायिकाला बसताना तोंडासमोर हा पांढऱ्या कापडाचा चौकोन बांधतात; उघड्या तोंडाच्या वाफेने हवेतले सूक्ष्म जीव दुखावू नयेत म्हणून. आपटल्याचा आवाज ऐकून त्या दारात आल्या.

"काय झालं?"

"काही नाही, बाई. 'प' म्हटलं की फुटतं."

"ऐकव बघू."

चेलनाबाईंनी ऐकवलं. सुगनबाईंनी हेडफोन उलटा कानाला लावून दोन कडवी ऐकली. मग म्हणाल्या, "वारा लागतो त्याला तुझ्या तोंडाचा. आम्ही इतकी वर्षं तेच सांगतोय, तर तुम्हाला पटत नाही." त्या आपल्या खोलीत गेल्या, एक जुनी, धुऊन विरलेली मुहपत्ती घेऊन आल्या. "आठ पदर आहेत, उकल. दोन पुरतील. तुझ्या तोंडाला नको, त्याच्या तोंडासमोर बांध."

टेबललॅम्पच्या दांड्याला दोऱ्याने ती मुहपत्ती माइकपुढे टांगली गेली. चेलनाबाईंनी 'तपसी' म्हटलं. फाट् नाही. 'प' असा आला, जसा सुगनबाईंच्या तोंडून यायचा, ओठ टेकल्या न टेकल्यासारखा. चेलनाबाईंना एकदम बरं वाटलं. पाच दिवसांत पहिल्यांदा. बेबाबाईने पोछा मारता मारता माइककडे बघितलं आणि म्हणाली, "आते हाऊ बी जैन व्हयना."

पुढचे दोन दिवस फक्त गाणं. दुपारी तीनला सुगनबाई सामायिकाला बसल्या की घर आपोआप शांत व्हायचं, त्याच वेळात चेलनाबाई गायच्या. पहिलं कडवं लागलं. दुसरं लागलं. तिसऱ्या कडव्यात तो 'ओ' चढत चढत जायचा आणि 'तपसी'वर येण्याआधीच दम तुटायचा. सव्वीस वर्षांत तुटला नव्हता. आता गाठ मध्ये उभी. 'ओ', मग एक श्वास, तोही लपत नव्हता, चांगला ओढून घेतलेला, आणि मग 'तपसी'. चेलनाबाई थांबायच्या, पुसायच्या, पुन्हा सुरू करायच्या. अकरा वेळा केलं. अकराही वेळा तिथेच. विधी म्हणाली, "मम्मी, पहिल्या कडव्यातला 'ओ' कापून तिसऱ्यात जोडता येतो." चेलनाबाईंनी कापला, जोडला, ऐकताना ठेच लागल्यासारखं झालं. पुन्हा कापायचं तर डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्यांनी अकरावं गाणं तसंच ठेवलं, श्वासासकट, आणि कॉम्प्युटर बंद केला. गाणं चांगलं झालं नव्हतं. झालं होतं, एवढंच.

मंगळवारी संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत जेवणं आटोपल्यावर, चेलनाबाईंनी दोघांना बसवून गाणं लावलं. चार कडवी संपली. अखिलभाऊंनी चष्मा पुसला. सुगनबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

"पारण्याला हेच लावायचं," चेलनाबाई म्हणाल्या. "स्पीकर दुकानातला चालेल ना हो?"

अखिलभाऊंनी आईकडे बघितलं.

"बेटा," सुगनबाई म्हणाल्या, "पारणं स्थानकात आहे. महासतीजी असतील."

एवढं पुरलं. स्थानक म्हणजे स्थानकवासी जैनांचं उपासनेचं घर, आणि तिथे उतरणाऱ्या साध्वी, महासतीजी, विजेचं काही वापरत नाहीत. त्यांच्यासमोर ना माइक चालतो, ना स्पीकर, ना फोन. हे चेलनाबाईंना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पाळण्यात असल्यापासून त्या स्थानकात जात होत्या. पण ज्या गळ्याला माइक कधी लागलाच नाही, त्याला माइकची मनाई कधी आडवी आली नव्हती. जी भिंत कधी लागली नाही ती आहे हेच त्या विसरल्या होत्या. आठ दिवस गोधड्यांत घाम गाळला आणि सगळं मुसळ केरात.

"तुम्हाला माहीत होतं," चेलनाबाई म्हणाल्या. "दोघांनाही. पहिल्या दिवसापासून."

अखिलभाऊ म्हणाले, "हो."

"मग बोलला का नाही?"

"तुझं मन गुंतलं होतं ग त्यात," सुगनबाई म्हणाल्या. "नाहीतर ऑपरेशनचाच विचार केला असतास आठ दिवस. मीच म्हटलं त्याला, बोलू नको."

चेलनाबाईंना भांडायचं होतं. लहान मुलाला खुळखुळा द्यावा तसं केलंत, असं म्हणायचं होतं. पण भांडायलाही दम लागतो. त्या उठल्या, गोधड्या एकेक करून काढल्या, घड्या घातल्या आणि कूलर लावून झोपल्या.

गुरुवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पुढची तपासणीही चांगली आली. घरी आल्या त्या गळ्याला पट्टी आणि हातात पाटी घेऊन. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. दिवसभर पडून असायच्या. आणि दुपारी शेजारच्या खोलीतून त्यांना त्यांचाच आवाज ऐकू यायचा. सुगनबाईंच्या फोनवर तेच गाणं, अखिलभाऊंनी घालून दिलेलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. पुढे शेजारच्या झुंबरबाई यायला लागल्या, त्यांच्याबरोबर आणखी दोघी-तिघी, आणि दार लोटून घेऊन पुन्हा तेच. गेलेल्या माणसाचा आवाज लावून बसावं तसं. चेलनाबाईंना ते सहन होईना. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'बाई, ते बंद करा.' सुगनबाईंनी वाचलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी आवाज थोडा बारीक करून पुन्हा लावलं. चेलनाबाईंनी उशी कानावर घेतली.

आखाजीच्या सकाळी स्थानक गच्च भरलं होतं. शंभरावर बायका, लाल-पिवळ्या चुंदड्या, दारात उसाच्या रसाचे हंडे. वर महासतीजी पाटावर बसल्या होत्या. चेलनाबाई भिंतीला टेकून बसल्या, पट्टी पदराने झाकून. पारण्याच्या बायकांना एकेक करून पुढे नेत होते. सुगनबाईंची पाळी आली. अखिलभाऊंनी एका बाजूने हात धरला. तेरा महिन्यांत म्हातारी निम्मी झाली होती, पाऊल उचलायलाही वेळ लागत होता. आणि सगळीकडे शांतता, कारण इथे चेलनाबाईंनी सुरू करायचं असतं. चेलनाबाईंनी मान खाली घातली.

मग झुंबरबाईंनी सुरू केलं. झुंबरबाईंचा आवाज तसा चिरका, गीतात त्यांना कोणी पुढे बसवत नसे. 'धीमा चालो ओ तपसी.' दुसऱ्या बाईने उचललं, तिसरीने, आणि बघता बघता सगळं स्थानक गाऊ लागलं. नुसतं धृपद नाही, कडवी. पहिलं कडवं, शब्द न् शब्द. चेलनाबाईंनी वर बघितलं. दुसरं कडवं. हे यांना कोणी शिकवलं, असं वाटता वाटताच त्यांना बंद दारामागच्या दुपारी आठवल्या. गाणं सुगनबाईंनी स्थानकाच्या महिला मंडळातल्या सगळ्या बायकांच्या फोनवर पाठवलं होतं, आणि दहा दिवस सगळ्या जणी आपापल्या घरी दार लावून घोकत होत्या. सगळ्यांचा 'प' तसाच होता, ओठ टेकल्या न टेकल्यासारखा.

तिसरं कडवं आलं. 'ओ' चढायला लागला, शंभर गळ्यांचा. चढत गेला, आणि 'तपसी'च्या आधी तुटला. शंभर बायका एकदम थांबल्या. एकीच्याही गळ्यात गाठ नव्हती, पण गाणं असंच आहे असं समजून सगळ्या जणी चेलनाबाईंच्या गाठीपाशी थांबल्या. सुगनबाईंनीही पाऊल थांबवलं आणि भिंतीकडे बघितलं. चेलनाबाईंचा हात पदराखाली पट्टीवर गेला. मग सगळ्यांनी मिळून श्वास घेतला, चांगला ओढून, आणि पुढे गायल्या.